मोजल्याशिवाय बुजवायचं नाही

गवताला भोक पडलं तर काय करायचं, हे माळीकाकांनी कुणालाही पाच मिनिटांत शिकवलं असतं. कडेची माती बोटांनी आत ओढायची. उचकटलेला तुकडा मुळांसकट परत बसवायचा. तो सापडलाच नाही तर प्रेक्षागॅलरीमागच्या वाफ्यातून तेवढाच कापून आणायचा. पायाने हलकेच दाबायचं आणि वर झारीने पाणी द्यायचं. त्याच दिवशी केलं तर आठवड्याभरात भोक कुठे होतं ते पाडणाऱ्यालाही सांगता येत नाही. दोन दिवसांनी केलं तर महिना लागतो. आणि सहा-सात दिवस उघडं ठेवलं तर आतली मुळं वाळतात, कडा ढासळतात, भोकाचा खड्डा होतो आणि तिथे वर्षभर टक्कल राहतं.

इतकी साधी गोष्ट. पण या मैदानावर नियम उलटा होता. मोजल्याशिवाय भोक बुजवायचं नाही.

त्याचं असं झालं होतं. स्टेडियम एकच, मालकी नगरपालिकेची, आणि वापरणाऱ्या संघटना दोन. मधली हिरवळ फुटबॉलवाल्यांना हवी, भोवतीची धावपट्टी ॲथलेटिक्सवाल्यांना. एवढ्यावर भागलं असतं तर भांडण कसलं? पण हातोडा, थाळी, भाला, गोळा ही मंडळी धावपट्टीवरून फेकली तरी येऊन पडतात हिरवळीवरच. म्हणून एक आठवडा यांचा, एक आठवडा त्यांचा, अशी वाटणी झाली. पाणी आणि वीज निम्मी-निम्मी. आणि नुकसान ज्याचं, खर्च त्याचा. ऐकायला न्यायाचंच वाटतं. माळीकाकांनाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं.

दर सोमवारी सकाळी सात वाजता मोजणी व्हायची. फुटबॉल संघटनेचे सचिव पूर्वी पंच होते. पंचगिरी सुटून पंधरा वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणत. ॲथलेटिक्सच्या सचिव एके काळी चारशे मीटर धावायच्या. त्यांच्या हातात कायम थांबघड्याळ असे, आणि समोरचा फार बोलायला लागला की त्या ते चालू करत. त्या घड्याळबाई. दोघं हिरवळीच्या दोन बाजूंनी निघत आणि मधे माळीकाका एक पिशवी घेऊन चालत. पिशवीत खुंट्या. लाल फुटबॉलच्या, पांढऱ्या ॲथलेटिक्सच्या. ज्याचं भोक त्याची खुंटी.

"ही पांढरी घाला, काका," शिट्टीसाहेब बुटाचं टोक भोकात फिरवत म्हणत. "हातोड्याचं आहे. तळ बघा कसा गोल आहे."

"आमचा आठवडा संपला तेव्हा हे नव्हतं."

"होतं. गवताखाली लपलं होतं."

"लपायला ते काय चोर आहे? तुमचा तो जाडा बचावपटू गुडघ्यावर पडला असेल इथे."

"गुडघ्याने एवढं भोक पडतं?"

"तुमच्या लोकांचे पाय कमी आणि गुडघे जास्त चालतात, साहेब. परवाच्या सामन्यात बघितलं की. निम्मा वेळ लोळतच होते."

"चेंडू खड्ड्यात जाऊन बसला तर लोळतील नाही तर काय करतील?"

"नाचता येईना अंगण वाकडं."

"अंगण वाकडं कुणी केलं तेच तर मोजतोय, बाई!"

घड्याळबाई घड्याळाचं बटण दाबत. माळीकाका पिशवीतून एक लाल आणि एक पांढरी अशा दोन्ही खुंट्या काढून त्या भोकाशेजारी रोवत. दोन खुंट्यांचं भोक म्हणजे वादाचं भोक. ते संयुक्त समितीकडे जायचं. समिती महिन्यातून एकदा बसायची आणि बसायची ती बहुधा उठण्यासाठीच. तोवर भोक उघडं. मुळं वाळायची, कडा ढासळायच्या, आणि पुढल्या सोमवारी तेच भोक थोडं मोठं झालेलं दिसलं की नव्याने वाद, की मूळ भोक कुणाचं आणि वाढीव भोक कुणाचं.

माळीकाकांचा पगारही असाच दोन तुकड्यांत यायचा. निम्मा एकीकडून एक तारखेला, निम्मा दुसरीकडून दहा तारखेला, आणि रजा हवी असेल तर दोन सह्या. बायकोच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी चार दिवस मागितले होते. दोन दिवस इकडून मंजूर झाले आणि दोन तिकडून, पण तेच दोन. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. माणसांचं त्यांना फारसं काही वाटेनासं झालं होतं. वाटायचं ते गवताचं. एकवीस वर्षांपूर्वी नगरपालिकेने इथे नुसता मुरूम टाकून दिला होता. त्यावर माती, मातीवर वाळू, वाळूवर वीत-वीत अंतराने लावलेली मुळं, हे सगळं त्यांच्या हातचं होतं. या मैदानाचा कुठला कोपरा उन्हाने आधी पिवळा पडतो आणि कुठला शेवटी, हे त्यांना पाठ होतं.

म्हणून त्यांनी चोरी सुरू केली. शनिवारी संध्याकाळी मैदान रिकामं झालं की खुरपं आणि झारी घेऊन ते निघायचे आणि सर्वांत वाईट अशी पाच-सहा भोकं गुपचूप बुजवायचे. भेदभाव करायचे नाहीत. या आठवड्यात फुटबॉलची, पुढल्या आठवड्यात हातोड्याची. सोमवारी मोजणीत आकडा थोडा कमी यायचा आणि ज्याचा आठवडा असेल तो खूश व्हायचा. वर्षभर हे चाललं. त्या वर्षी गवत बरं होतं.

मग एका सोमवारी घड्याळबाई फोन उंच धरूनच आल्या.

"हा शुक्रवारचा फोटो. गोलसमोर सतरा भोकं. आता मोजा."

मोजली. अकरा भरली.

"सहा कुठे गेली, साहेब? गिळलीत?"

शिट्टीसाहेबांनी आधी नुसते हात वर केले. मग त्यांची नजर माळीकाकांच्या नखांतल्या मातीकडे गेली आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "थांबा, थांबा. आमची सहा बुजतात, म्हणजे तुमच्या आठवड्यात तुमचीही बुजत असणार! काय हो काका?"

"बुजवतो," माळीकाका म्हणाले. "दोघांचीही."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"गवताच्या."

"दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात," शिट्टीसाहेब म्हणाले. "हे दोन्ही घरी जेवून आले."

"साहेब, त्याच दिवशी बुजवलं तर एक झारी पाणी लागतं. महिन्याने बुजवायचं तर गाडीभर माती लागते. बघा, मी दाखवतो—" असं म्हणून ते तिथेच खाली बसले. भोकाच्या कडेची माती बोटाने मोकळी करून पांढरी मुळं कशी अजून जिवंत आहेत आणि उद्यापर्यंत ती कशी तपकिरी होतील, हे सांगू लागले. त्यांना खरंच वाटत होतं, की या दोघांना ठाऊक नाही म्हणून असं होतंय, ठाऊक झालं की होणार नाही.

घड्याळबाईंनी घड्याळ सुरू केलं.

त्या आठवड्यात गॅलरीमागच्या वाफ्याच्या फाटकाला दोन कुलपं लागली. एकाची किल्ली फुटबॉलच्या कचेरीत, दुसरीची ॲथलेटिक्सच्या. गवताचा एक तुकडा काढायचा तर दोन्हीकडचे शिपाई एकाच वेळी हजर हवेत. एक यायचा तेव्हा दुसरा चहाला गेलेला असायचा.

त्यानंतर दोन वर्षांत मैदानाची दशा झाली. गोलसमोर माती उघडी पडली. हातोड्याच्या बाजूला तर मोठी माणसंही पायाखाली बघून चालायला लागली. उरलेलं गवत हाताने ओढलं तर मुळासकट यायचं. माळीकाकांनी ते मूठभर उपटून हुंगलं आणि त्यांना कळलं, की आता बुजवाबुजवीने भागणार नाही. आता मैदानाला सहा आठवडे पूर्ण विश्रांती हवी. ती याच वर्षी मिळाली नाही तर पुढल्या वर्षी विश्रांती द्यायला गवत उरणार नाही.

ते आधी शिट्टीसाहेबांकडे गेले.

"द्या की विश्रांती," शिट्टीसाहेब म्हणाले. "मी कुठे नाही म्हणतो? बाईंचे सहा आठवडे घ्या."

"तीन त्यांचे, तीन तुमचे, असं—"

"काका, नुकसान कुणी केलं? हातोडा कोण फेकतं? मी?"

मग ते घड्याळबाईंकडे गेले.

"विश्रांती हवीच," त्या कळवळून म्हणाल्या. "मी तर कधीची सांगते. साहेबांना सांगा सहा आठवडे सोडायला. गोलसमोर बघा काय केलंय त्यांनी."

सासू म्हणते सुनेने झाडावं, सून म्हणते सासूने झाडावं, आणि कचरा दारातच. शेवटी माळीकाकांनी ठरवलं, की दोघांना एकदाच, एकाच कागदावर सगळं समजावून सांगायचं.

त्यांची मुलगी कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायची. बारा वर्षं तिने अर्जांवर काढली होती. घर लहान, दोन खोल्यांचं. रविवारी दुपारी जेवणाची ताटं बाजूला सारून ती लिहायला बसली आणि माळीकाका फेऱ्या मारत सांगू लागले. गवत जमिनीखाली किती वाढतं. त्याला श्वास कुठून मिळतो. सहा आठवडे यंदाच नव्हे, दर वर्षी का हवेत. किती टँकर पाणी, किती गाड्या वाळू, किती पोती बी, दोन मजूर किती दिवस. दुसरं पान संपलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

"बाबा, एक सांगू? सहा आठवडे मागा आणि सही करा. बाकीचं खोडून टाकू."

"का?"

"समोरचा माणूस मागणी वाचत नाही, आकडे वाचतो. तुम्ही त्यांच्या हातात आकडे देताय."

"मग आकडे खोटे आहेत का?"

"खरे आहेत म्हणूनच सांगते."

"अगं, अर्धं शिकवलं तर माणूस अर्धंच शिकतो," माळीकाका म्हणाले. "त्यांना कुणी नीट सांगितलंच नाही आजवर. लिही तू."

"तुमचं मैदान, तुमचं पत्र," ती म्हणाली आणि तिने तिसरं पान घेतलं. अक्षर सुरेख काढलं. वर बापाने सांगितलं तशी गवताच्या मुळांची आकृतीही काढून दिली.

पत्र दोन्ही कचेऱ्यांत पोचलं. आठ दिवसांनी संयुक्त समितीची खास बैठक बोलावली गेली. माळीकाका बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आतून नेहमीसारखा आवाज चढेल, खुर्च्या सरकतील, शिट्टी वाजेल, असं त्यांना वाटत होतं. अर्धा तास काहीच ऐकू आलं नाही. मग हसण्याचा आवाज आला. दोघांच्या एकत्र हसण्याचा. इतक्या वर्षांत त्यांनी तो ऐकला नव्हता.

दार उघडून शिट्टीसाहेब स्वतः बाहेर आले आणि त्यांनी माळीकाकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, काय पत्र लिहिलंत! सोमवारपासून मैदान बंद. सहा नाही, बारा आठवडे."

"बारा?"

"बारा. आणि त्या वाफ्याची कुलपंही काढतोय."

माळीकाका घरी गेले ते जवळजवळ पळतच. मुलीला म्हणाले, "बघ! वाचलं की नाही? माणूस वाईट नसतो गं, त्याला सांगावं लागतं." मुलगी हसली, पण तिने विचारलं, "लेखी दिलंय का?" ते तिच्यावर चिडले.

पुढचे नऊ दिवस त्यांच्या आयुष्यात पुन्हा येणार नाहीत असे गेले. सकाळी सहाला ते मैदानावर असत. खुंट्या सगळ्या उपटून त्यांनी पिशवीत भरल्या. भोकं मोजली नाहीत, नुसती बुजवत गेले. वाफ्यातलं गवत कापून गोलसमोर लावलं, वाळू चाळून पसरली, बी टाकलं. वाळू कमी पडली तेव्हा परवानगीची वाट न पाहता स्वतःच्या खिशातून एक हातगाडी आणली. नवव्या दिवशी उन्हं तिरपी झाली तेव्हा जमिनीलगत डोळा लावून त्यांनी पाहिलं. मातीवर सुईच्या टोकाएवढे हिरवे ठिपके आले होते.

दहाव्या दिवशी डोक्यावर टोपी आणि हातात तिपाईचं यंत्र घेऊन एक तरुण इंजिनिअर आला. त्याच्यामागे दोन माणसं दोरी ताणत होती.

"काका, पाणी बंद करा आता," तो म्हणाला. "ओली माती झाली की खोदाईचं यंत्र रुततं."

"कसली खोदाई?"

"तुम्हाला माहीत नाही?" तो गोंधळला. "प्लास्टिकचं गवत येतंय ना. वीतभर थर काढायचा, खडी टाकायची, वरून गवत अंथरायचं. बारा आठवड्यांचं काम आहे."

माळीकाकांनी झारी तिथेच ठेवली आणि ते कचेरीत गेले. एकाच टेबलावर शिट्टीसाहेब आणि घड्याळबाई बसले होते. मधे बिस्किटांची बशी आणि एकच फाइल. फाइलवर सर्वांत वर त्यांचं पत्र होतं. आकड्यांखाली लाल पेनाने रेघा मारल्या होत्या.

"या काका, बसा," घड्याळबाई म्हणाल्या. त्या मनापासून बोलत होत्या. "तुमचे आभारच मानायचे होते. गवताला काय काय लागतं ते इतकं स्पष्ट आम्हाला कुणी समजावलंच नव्हतं. दहा वर्षांचं पाणी, वाळू, मजूर, शिवाय दर वर्षीचे सहा आठवडे. एकीकडे ते मांडलं, दुसरीकडे प्लास्टिक मांडलं. प्रश्नच उरला नाही."

"ते विश्रांती मागत नाही," शिट्टीसाहेब म्हणाले. "हातोडा-भाला मागच्या वाफ्याच्या जागेवर जाईल. तिथे सपाट करून देतोय. मग आत फुटबॉल, बाहेर धावणं, एकाच वेळी. आठवडे वाटायलाच नकोत. भोकं पडणार नाहीत, मोजणी नाही, भांडण नाही."

माळीकाका उभेच होते. त्यांना या बोलण्यात चूक काढता येईना. हिशेब बरोबर होता. त्यांनीच तर दिला होता.

"यंदा सहा आठवडे दिले असते," ते सावकाश म्हणाले, "आणि भोकं त्या त्या दिवशी बुजवू दिली असती, तर यातला निम्मा खर्च आलाच नसता. तेही लिहिलं होतं. तिसऱ्या पानावर."

"वाचलं की," शिट्टीसाहेब म्हणाले. "पण सहा आठवडे द्यायचे कुणी?"

घड्याळबाईंनी हातातलं घड्याळ टेबलावर ठेवलं. "खरं सांगू, काका? आम्ही आधी दिले असते तर हे जिंकले असते. यांनी दिले असते तर आम्ही. प्लास्टिकमध्ये कुणीच हरत नाही."

"तुमच्या नोकरीची काळजी नको," शिट्टीसाहेब घाईने म्हणाले. "प्लास्टिकलाही झाडावं लागतं. त्यात रबराचे दाणे असतात, ते ब्रशने सारखे करायचे. पगार झाडण्याचा मिळेल अर्थात, माळ्याचा नाही. पण एकरकमी, एक तारखेला. बिस्कीट घ्या."

त्यांनी बिस्कीट घेतलं नाही. घरी गेल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. मुलीने ताट वाढून समोर ठेवलं. ती "मी सांगत होते" म्हणाली असती तर त्यांना भांडायला तरी मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. त्याच्या पहिल्याच घासात गोलसमोरची हिरव्या ठिपक्यांची माती वर आली आणि ट्रकमध्ये पडली. माळीकाका गॅलरीच्या पायरीवर बसून बघत होते. घरी बसून करायचं काय, म्हणून आले होते. दुपारपर्यंत निम्मं मैदान सोललं गेलं.

इंजिनिअर त्यांच्याजवळ येऊन बसला. पोरगा सभ्य होता. "काका, एक मदत करा. मला या जमिनीचा नकाशा कुणाकडेच मिळाला नाही. पाणी कुठे साचतं, माती कुठे पोकळ आहे, एवढं दाखवाल का? वरून एकदा अंथरलं की आतलं काही दुरुस्त करता येत नाही. सगळं परत उचकटावं लागतं."

माळीकाका उठले. दोघं उघड्या मातीवर चालू लागले. काका टाचेने खूण करत आणि इंजिनिअर तिथे चुना टाके. इथे पाणी दोन दिवस थांबतं. इथे भराव आहे, दाबून घ्या. हा कोपरा खोलगट आहे. का आणि केव्हापासून, हेही ते समजावत होते. शिकवायची सवय इतक्या लवकर जात नाही. इंजिनिअर भराभर लिहून घेत होता.

उत्तरेच्या गोलपासून बारा पावलांवर जमिनीखाली एक जुना मातीचा नळ फुटलेला होता. दर वर्षी तिथली माती आतल्या आत वाहून जायची आणि जमीन बसायची. दर वर्षी माळीकाका कुणाला न सांगता दोन पाट्या वाळू टाकून ती वर आणायचे. हे त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते त्या जागेवर आले. पाय जरा थबकला. शेजारी इंजिनिअर पेन सरसावून उभा होता.

"इथे काही?"

"नाही," माळीकाका म्हणाले आणि पुढे चालू लागले. "इथली जमीन चांगली आहे."